सोमवारी बंदूक नाही

घरोघरी एक पिशव्यांची पिशवी असते, स्वयंपाकघराच्या दारामागं खिळ्याला टांगलेली. तिच्यात पिशव्या कुणी मुद्दाम साठवत नाही. पण एक ओढायला जावं तर तिच्या मागोमाग सात बाहेर येतात. आमच्या घरातल्या गेमच्या किश्श्यांचं तसंच झालंय. परवा हळदीकुंकवाला शेजारच्या मंदावहिनी सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "सुमन, त्यो गव्याचा सांग की!" आता गव्याचा सांगायचा तर आधी सोमवारचा सांगावा लागतो, सोमवारचा सांगायचा तर आधी आबांचा. हातात वाणाची वाटी धरून किती वेळ उभं राहणार? म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच काढावं.

कराडहून विट्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. घरात चौघं. आबा म्हणजे माझे सासरे. हे, हवालदार म्हणून फौजेतून रिटायर होऊन आलेले. मी. आणि आमची श्वेता. त्या वर्षी तिचं कराडला इंजिनिअरिंग पूर्ण झालं होतं, बंगळूरला नोकरीही लागली होती, फक्त रुजू व्हायचं पत्र येत नव्हतं. होस्टेल सोडताना तिनं गाद्या, पुस्तकं आणि मैत्रिणींनी वर्गणीतून घेतलेलं गेमचं मशीन असं सगळं एका टेम्पोत घालून आणलं.

त्याच महिन्यात आबा पडले.

उसाला पाणी पाजताना पडले. आमच्याकडं त्याला दारं धरणं म्हणतात. एक सरी भरली की मातीचं दार खोऱ्यानं मोडायचं, पाणी पुढच्या सरीत वळवायचं. साठ वर्षं आबांनी हेच केलं. त्या दिवशी पाटात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. कराडला ऑपरेशन झालं. घरी आणलं आणि पुढच्या खोलीत टीव्हीसमोर त्यांची कॉट टाकली. इकडं यांनी लगोलग शेतात ठिबक बसवून घेतलं. आबा एवढंच म्हणाले, "बरं झालं. आता माझं काय काम?" आणि भिंतीकडं तोंड करून निजले. ते तसेच.

टीव्ही एकच, तोही आबांच्या खोलीत. म्हणून गेम खेळायचा तो आबांच्या पाठीमागं बसून.

•

गेम कसा, ते सांगते. मधोमध एक निळा दगड. तो राखायचा. चारी बाजूंनी राक्षस येतात, एक लाट संपली की दुसरी, अशा तीस लाटा. त्यांच्या वाटेवर आपण भिंती घालायच्या, मनोरे उभे करायचे. मनोरे आपोआप गोळ्या मारतात. पण तेवढ्यानं भागत नाही. आपणही हातात बंदूक घेऊन खाली उतरायचं. बंदुकीची नळी तेवढी समोर दिसते, बाकी आपण दिसतच नाही. म्हणजे अर्धं काम वाडी राखायचं, अर्धं काम लढायचं.

श्वेतानं पहिला रिमोट यांच्या हातात दिला. म्हणाली, "पप्पा, तुमचं तर हे आयुष्यभराचं काम."

हे ताठ बसले. बंदूक घेऊन बरोबर फाटकात उभे राहिले. राक्षस आले. जवळ आले. अगदी नाकासमोर आले. बंदूक गप्प!

"पप्पा, मारा ना!"

हे मान न वळवता म्हणाले, "ऑर्डर कुठाय?"

पहिली लाट आम्ही ऑर्डरवाचून हरलो.

•

माझी तऱ्हा आणखी वेगळी. श्वेता म्हणाली, "आई, तू मनोरे लाव." मी लावले. चार इकडं, चार तिकडं, मधे दोन, कोपऱ्यांना एकेक. वरून नकाशात पाहिलं तर ठिपक्यांची रांगोळी! मला इतकं समाधान झालं म्हणता.

राक्षस आले आणि त्या रांगोळीच्या मधून सरळ चालत दगडापर्यंत गेले, लग्नाच्या मांडवात वऱ्हाड जातं तसे.

"आई, शोभेचं नको गं!"

आणखी एक. खेळ सुरू व्हायच्या आधी मी त्या निळ्या दगडाला हात जोडायची. श्वेता कपाळाला हात लावून म्हणायची, "आई, तो देव नाहीये. ती एनर्जी आहे, एनर्जी!"

"मग मी वेगळं काय म्हणतेय?"



•

आठ दिवस झाले तरी आम्ही पाचव्या लाटेच्या पुढं काही जात नव्हतो. मग एका दुपारी मी वैतागून दगडाच्या चहूबाजूंनी भिंतच घालून टाकली. कुठून येता ते बघू! राक्षस आले, वाट मिळेना, तसे चवताळले आणि भिंत फोडून सगळेच्या सगळे एकदम आत शिरले.

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"कोंडल्यावर फुटंल न्हाई तर काय हुईल?"

आबांनी कूस बदलली होती. ते टीव्हीकडं बघत होते. अकरा दिवसांत त्या माणसानं "पाणी दे" आणि "नगं" याशिवाय शब्द काढला नव्हता.

श्वेता उठून त्यांच्या कॉटवर जाऊन बसली. "मग काय करायचं, आबा?"

"वाट बंद करू नगंसा. लांब करा. पाणी काय, जनावर काय, त्याला जायला वाट दिसली की ते तंडत न्हाई. त्याला वाट दाखवायची, पर सगळ्या रानातनं फिरवून आणायचं. हितं बांध घाल. तितं उघडं ठेव. आता त्याच्या उलट्या अंगाला घाल."

आम्ही भिंती घातल्या, सरीवर सरी असाव्यात तशा. राक्षस आले आणि इकडून तिकडं, तिकडून इकडं चालतच राहिले. वाटेवर मनोरे त्यांना टिपत होते. पाचवी, सहावी, सातवी, आठवी लाट गेली. दगडाला धक्का नाही!

हे फौजी माणूस, पटकन कुणाचं कौतुक करणार नाहीत. पण त्या दिवशी रिमोट खाली ठेवून त्यांनी आबांना कडक सॅल्यूट ठोकला. आबा म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. च्या टाकाय सांग."

त्या दिवसापासून टीव्हीचे चार भाग झाले. एक यांचा, एक श्वेताचा, एक माझा. चौथ्या चौकोनात वरून दिसणारा नकाशा, तो आबांचा. आबांच्या हातात रिमोट नव्हता, काठी होती. वॉकर नको म्हणून भांडून घेतलेली, आणि चालायला कधीच न वापरलेली. तिच्या टोकानं ते लांबूनच दाखवायचे, "हितलं मोड. तितं घाल." राक्षसांना नावंही त्यांनीच ठेवली. बारके पळणारे ते उंदीर. वरून उडत येणाऱ्या त्या टिटव्या. आणि दहाव्या-विसाव्या लाटेला एकटाच धाड धाड करत येणारा जो दांडगा, तो गवा.

•

खोलीत असा आनंद, पण एक दुखणं तसंच होतं. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, "हाड उत्तम जुळलंय. आता यांना उभं करा." रोज सकाळी मी एका बाजूनं, हे दुसऱ्या बाजूनं, असे आम्ही आबांना उचलून खुर्चीत बसवायचो. पण खुर्चीतून उठा म्हटलं की त्यांची बोटं खुर्चीच्या हातांवर पांढरी व्हायची.

एकदा हे चिडले. "आबा, ऊठ म्हणजे ऊठ! काही होत नाही!"

"ही तुजी पलटण न्हाई," आबा शांतपणे म्हणाले. मग माझ्याकडं बघून हळूच, "सुमन, पाय हाय गं. पर पायावर इस्वास न्हाई."

मी देवघरात गेले आणि सोळा सोमवार धरले. दुसरं काही मागितलं नाही. आबांनी कुणाचा हात न धरता उभं राहावं, एवढंच.

•

व्रत धरलं की मी सोमवारी मुंगीसुद्धा मारत नाही. साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या तर डबा उन्हात ठेवते आणि त्यांची समजूत घालते. पहिल्या सोमवारी श्वेतानं रिमोट पुढं केला आणि माझ्या मनात आलं, राक्षस मारावेत का?

श्वेता म्हणाली, "आई, ते खोटे आहेत!" पण शंका आली ती आली. मी तशीच देवळात जाऊन गुरवकाकांना विचारलं. काकांनी पिंडीवरचा बेल सारखा केला, डोळे मिटले, बराच विचार केला.

"मारल्यावर त्ये वराडतंय का?"

"हो काका. फार ओरडतात."

"मग नगं मारूस."

झालं! सोमवारी माझी बंदूक बंद. मी हातोडा घेऊन मोडलेल्या भिंती, मनोरे दुरुस्त करत फिरायची. हे म्हणायचे, "लढाई ऐन भरात असताना आमची एक जवान उपासाला बसते." मी म्हणायची, "तुमच्या भिंती कोण लिंपतंय मग?"

एका सोमवारी एक उंदीर माझ्या पायाशी येऊन मला चावत होता. मी आपली भिंत दुरुस्त करतेय. श्वेता ओरडली, "आई, तू मरशील!"

"मरू दे. उद्या मंगळवार आहे, उद्या बघते त्याला."

•

मंदावहिनींचा किस्सा याच दिवसांतला. आजारी माणसाला बघायला म्हणून त्या डझनभर केळी घेऊन आल्या. दार लोटलेलं होतं. आतून आधी श्वेताचा आवाज आला, "मेला का?"

मग यांचा, "नाही अजून. हलतोय."

मग माझा, मी, जिचे उपासतापास सगळ्या गावाला ठाऊक, "आबांच्या अंगाला आहे बघा! डोक्यातच घाला!"

आणि शेवटी आबांचा, "मारू नगंसा रं, जरा फिरू द्या त्याला!"

मंदावहिनींनी केळी उंबऱ्यावर ठेवली आणि त्या तशाच मागं पळाल्या. अर्ध्या तासात सरपंच, पोलीस पाटील आणि गल्लीतली सात-आठ माणसं दारात. पोलीस पाटलांनी खाकरून विचारलं, "आबा बरं हायती न्हवं?"

आबा आतून ओरडले, "आरं, दारात गर्दी करू नगंसा! एकोणिसावी लाट हाय!"

पाटील बसले. सरपंच बसले. विसाव्या लाटेचा गवा पडेपर्यंत कुणी उठलं नाही. केळी त्यांनीच संपवली.

•

दिवस गेले. श्वेताचं पत्र आलं. मंगळवारी बंगळूरला हजर व्हायचं म्हणजे सोमवारी रात्री कराडहून गाडी. तो माझा सोळावा सोमवार!

पंधरा सोमवार झाले होते आणि आबा अजून दोघांच्या हातांवाचून उठत नव्हते. मी कुणाला काही म्हटलं नाही. व्रतात असं म्हणायचं नसतं. पण आदल्या दिवशी चूर्म्यासाठी गहू निवडताना दोनदा डोळे पुसले. श्वेता जाणार, मशीनही तिच्याबरोबर जाणार. आबा पुन्हा भिंतीकडं तोंड करून निजतील, ही धास्ती मला एकटीलाच नव्हती. यांनीही सकाळपासून तीन वेळा विचारलं, "टीव्हीवर दुसरं काही लागतं का गं, शेतीचं वगैरे?"

तिसावी लाट आम्ही कधीच जिंकलो नव्हतो. श्वेता म्हणाली, "बॅग भरून झालीय. शेवटचं एकदा?" आबांना आम्ही दोघांनी खुर्चीत बसवलं. चार पावलांवर टीव्ही. काठी त्यांच्या हातात. मी उपाशी, ओलेत्या केसांची, हातात रिमोट. संध्याकाळच्या पूजेला वेळ होता.

एकोणतीस लाटा गेल्या. तिसावीला उंदीर आले, टिटव्या आल्या, आणि मागोमाग तीन घरांएवढा गवा. मनोरे पडत गेले. श्वेता मेली. हे फाटकात उभं राहून शेवटच्या गोळीपर्यंत लढले आणि मेले. मेल्यावर लाट संपेपर्यंत उठता येत नाही. टीव्हीचे दोन चौकोन काळे झाले. उरले मी आणि माझा हातोडा. गव्याचं बळ अगदी थोडं राहिलं होतं. आमचाही एकच मनोरा उरला होता, लांबच्या कोपऱ्यात, बारकासा.

"आई, बंदूक काढ! चार गोळ्यांत पडेल!"

"आज सोमवार आहे."

"आई, प्लीज! शेवटचा गेम आहे!"

माझा अंगठा त्या बटणावर होता. खोटं कशाला सांगू? पोरगी रात्री जाणार, तिचा चेहरा असा. पण ज्याच्यासाठी पंधरा सोमवार पाळले, ते माणूस मागं खुर्चीत बसलेलं. सोळाव्याला मोडू?

"हवालदारीण," हे हळूच म्हणाले, "यू हॅव माय ऑर्डर."

"तुमची ऑर्डर देवाला चालत नाही."

आणि मागून आबा गरजले, "तिला कुणी काय बोलू नगंसा! सुमन, बंदूक नगं. दारं धर. त्याच्या म्होरचा बांध मोड!"

मी भिंत मोडली. जवळची वाट उघडी दिसली तसा गवा वळला.

"आता घाल!"

घातली. गवा थांबला, फिरला, आला त्या वाटेनं परत निघाला. जाताना कोपऱ्यावरच्या त्या बारक्या मनोऱ्यानं त्याला एक गोळी मारली.

"हिकडलं मोड!" मोडलं. "घाल!" घातलं. गवा इकडं, गवा तिकडं. दर फेरीला एक गोळी.

श्वेता किंचाळली, "आई, मनोरा मारतोय! तू नाही मारत!"

"मनोरा कुणी बांधला?" मी विचारलं.

"मी," हे म्हणाले.

"मग पाप तुमचं!"

"कबूल!"

किती फेऱ्या झाल्या, देव जाणे. देवळातली घंटा ऐकू आली. हे उठले, समईत तेल घातलं, वात लावली आणि पळत परत आले. माझे हात घामानं भिजलेले. गवा दमत नव्हता, आबाही दमत नव्हते. "मोड! घाल! आता मोड!" काठी सपासप हवेत फिरत होती. शेवटाला गवा एका अशा कोपऱ्यात आला की तिथं दोन वाटा अगदी चिकटून होत्या आणि नकाशा एवढासा.

"कुठली मोडू, आबा? डावी की उजवी?"

"थांब, थांब, बघू दे."

"आबा, लवकर! आला!"

"आगं ही... ही न्हवं, हितली, ही बघ!"

काठीचं टोक टीव्हीच्या काचेवर टकटक वाजलं आणि माझा सगळा चौकोन धोतर-बंडीनं झाकून गेला. गवा दिसेना, भिंत दिसेना, काही म्हणता काही दिसेना. मला असा राग आला! पंचवीस वर्षं ज्यांच्यापुढं मी मान वर करून बोलले नव्हते, त्यांच्यावर मी जिवाच्या आकांतानं ओरडले,

"आवं आबा, सरका की बाजूला! मधे काय उभं राहिलाय? मला काय दिसंना!"

यांच्या हातातली काडेपेटी खाली पडली. श्वेतानं दोन्ही हात तोंडावर ठेवले. 

आबा टीव्हीपुढून हलले नाहीत, त्यांनी मागंही बघितलं नाही.

"दिसंल गं. आधी ते दार मोड, गवा आला!"